दोन कानांचा एसी

एक सोपी टेस्ट घ्या. मीटिंग रंगात आली की (म्हणजे कंटाळवाणी झाली की) समोरच्या नोटपॅडवर एक गोल काढा आणि त्याच्या डोक्यावर दोन लांबट पाकळ्या. बस्स! डोळे नाहीत, नाक नाही, शेपूट तर नाहीच नाही. तरी शेजारी बसलेला माणूस एका सेकंदात सांगेल, ‘ससा!’ आता असाच दोन रेघांत घोडा काढून दाखवा. किंवा शेळी. नाही जमत. सशाची आख्खी पर्सनॅलिटी त्या दोन कानांत आहे. बग्ज बनी १९४० साली पडद्यावर आला. त्याच्या हातातलं गाजर काढून घ्या, काही बिघडत नाही. कान काढून बघा, कुणी ओळखणारसुद्धा नाही.

ग्रुप फोटोत दोस्ताच्या डोक्यामागे दोन बोटं धरायची सवय तर आपल्या सगळ्यांनाच आहे. ती बोटं शिंगं की सशाचे कान, यावर अजून एकमत झालेलं नाही. गंमत म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातही ही जोडी भेटते. जी गोष्ट जगात अस्तित्वातच नाही तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘शशशृंग’, सशाचं शिंग. (अप्रेझलच्या वेळी मिळालेली आश्वासनं आठवली? तेच ते.)

तर, शिंगं नाहीत, पण कान मात्र केवढाले! कशासाठी? कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. ‘ऐकायला, अजून कशाला?’ बरोबर आहे. पण हे अर्धंच उत्तर आहे मंडळी. उरलेलं अर्धं आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि त्या अर्ध्यासाठी एखाद्या सशाचा जीव जाऊ शकतो.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वीचा एप्रिल. पुणे. पारा चाळिशीला टेकलेला. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक ससा होता, पांढराशुभ्र, नाव कापूस. शेजारच्या काकूंच्या लेकीचा लाडका. ती कॉलेजला, काका-काकू नोकरीवर, म्हणून दिवसभर कापूसचा मुक्काम पश्चिमेच्या बाल्कनीतल्या पिंजऱ्यात. हवेशीर जागा, वाटीत पाणी, कोथिंबिरीची जुडी. सगळं प्रेमाने केलेलं. संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा तो आडवा पडला होता. डॉक्टरांपर्यंत नेईस्तोवर संपला. उष्माघात. रात्री मी भेटायला गेले तर काकू पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, “अगं, पाणी तर काठोकाठ भरलेलं होतं गं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पाणी होतं, सावली होती, मग गेला कसा? उत्तर शोधत शोधत मी सशाच्या कानापाशी जाऊन पोचले.

आधी ते सगळ्यांना माहीत असलेलं अर्धं बघू. ससा हा जगाच्या मेन्यू कार्डवरचा पॉप्युलर आयटम आहे. कोल्हा, लांडगा, रानमांजर, गरुड, घुबड... ज्याला दात किंवा नखं आहेत त्या प्रत्येकाला तो आवडतो. स्वतःकडे ना शिंगं, ना विष. मग जगायचं कसं? धोका आधी ओळखायचा आणि सुसाट सुटायचं, एवढाच त्याचा फंडा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. (मात्र अगदी नाकासमोरचं दिसत नाही. तिथे नाक आणि मिशा कामाला येतात.) पण गवतात दडून चोरपावलांनी येणाऱ्या पाहुण्याचं काय? त्याच्यासाठी कान.

बाहेरचा कान म्हणजे आवाज गोळा करणारं नरसाळं. नरसाळं जितकं मोठं, तितका बारीक आवाज आत पोचतो. वर सशाचे दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. एक पुढे, दुसरा मागे. एक तुमच्याकडे, दुसरा दाराकडे. आपल्याला आवाज कुठून आला हे कळायला मान वळवावी लागते. ससा जागचा न हलता, पाठीवरचा केसही न हलवता ते काम करतो. शिकाऱ्यासमोर स्तब्ध राहणं हाच अर्धा बचाव असतो म्हटल्यावर ही किती मोठी सोय आहे बघा.

आणि काय काय ऐकतो! माणसाचा कान ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ससा ४०,००० हर्ट्झच्याही वर जातो. घुमणारे, खर्जातले आवाज आपल्याला जास्त चांगले ऐकू येतात, पण वरच्या पट्टीत ससा आपल्याला सॉलिड मागे टाकतो. सुकलेल्या पानाची करकर, गवतातली सळसळ हे सगळं त्याच वरच्या पट्टीत असतं ना. ‘आभाळ पडलं, पळा पळा’ म्हणणाऱ्या भित्र्या सशाची गोष्ट ऐकून आपण लहानपणी हसलो. पण पान पडल्याचा आवाज ज्याला आभाळ पडल्यासारखा ऐकू येतो, तो त्या आवाजावर पळत होता म्हणूनच त्याचं खानदान आजपर्यंत टिकलं. भित्रेपणा कसला, नोकरीच आहे ती. चोवीस तास, सुट्टी नाही.

आता दुसरं अर्धं. सशाला घाम जवळजवळ येत नाही. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणंही त्याला नीट जमत नाही. अंगावर दाट लोकर. अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याला ताप आला असं ज्या आकड्यावर आपण म्हणतो, तिथे त्याचा नॉर्मल दिवस सुरू होतो. धावपळ केली, ऊन वाढलं, की अंगात साठलेली उष्णता बाहेर टाकायची कुठून?

कानातून!

सशाला कधी उजेडासमोर बसलेला बघा. कान गुलाबी, जवळजवळ पारदर्शक दिसतात. मधोमध एक मोठी धमनी, कडेने शिरा आणि त्यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं. कानाची कातडी पातळ, केस विरळ. पाळीव सशाच्या अंगाचा सुमारे १२ टक्के पृष्ठभाग एकट्या कानांचा असतो. गरम व्हायला लागलं की या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कानात येतं, पातळ कातडीतून उष्णता हवेत सोडतं आणि जरा थंड होऊन परत अंगात जातं. थंडी पडली की याच वाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते. गाडीचा रेडिएटर म्हणा किंवा खिडकीबाहेर लटकणारं एसीचं आउटडोअर युनिट म्हणा, तत्त्व तेच. फरक एवढाच, की याला वीजबिल नाही आणि सर्व्हिसिंगवाल्याला दहा फोन करावे लागत नाहीत.

या नळाची चावी कुठे असते, हेही सशाच्या कानानेच जगाला सांगितलं. फ्रान्सचा क्लोद बर्नार हा शरीरशास्त्रातला बाप माणूस. त्याने १८५१ साली सशाच्या मानेतली एका बाजूची एक मज्जा कापली. त्याची अपेक्षा होती, की त्या बाजूचा कान थंड पडेल. झालं उलटंच. कान लाल झाला, तापला, हाताला सहज कळेल इतका. म्हणजे रक्तवाहिन्या आकसून ठेवण्याचा हुकूम त्या मज्जेतून येत होता. हुकूम बंद, नळ उघडा. रक्तवाहिन्यांवर मज्जासंस्थेचा ताबा असतो हे आज डॉक्टरीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्याची सुरुवात झाली ती तिथून, एका सशाच्या जिवावर.

आता जरा लांब, अमेरिकेच्या वाळवंटात जाऊ. तिथे ॲरिझोनाकडे जॅकरॅबिट नावाचा प्राणी राहतो. नावात रॅबिट असलं तरी तो रानससा, म्हणजे हेअर. कान बघाल तर वाटेल, सशाला गाढवाचे कान चुकून लागले. काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटमध्ये अंगाचा सुमारे १९ टक्के पृष्ठभाग म्हणजे कान! वाळवंटात प्यायला पाणी नाही, त्यामुळे घाम गाळण्याची चैन परवडणारी नाही. मग तो करतो काय? दुपारभर झुडपाच्या सावलीत गप्प बसतो. वाळवंटातल्या प्राण्यांवर आयुष्यभर काम केलेले शास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९६० च्या दशकात मांडलं, की सावलीत बसलेला हा ससा उत्तरेकडच्या निरभ्र आकाशाकडे कानांतून उष्णता सोडत असावा. उष्णतेच्या हिशेबात मोकळं आकाश तापलेल्या जमिनीपेक्षा पुष्कळ थंड असतं. म्हणजे साहेब सावलीत बसून आकाशाचा एसी वापरतात. आहे की नाही जिनियस?

याच्या उलट उत्तर ध्रुवाजवळचा आर्क्टिक हेअर. तिथे उष्णता बाहेर टाकायची नाही, जपून ठेवायची असते. त्यामुळे कान तुलनेने आखूड. थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे कान, पाय, शेपट्या आखूड आणि उष्ण प्रदेशातल्यांचे लांब, असा ढोबळ नियम अमेरिकेच्या जोएल ॲलन यांनी १८७७ साली मांडला. तरी आर्क्टिक हेअरचे कान अगदीच नाहीसे झालेले नाहीत हं. कारण बर्फातसुद्धा कोल्हा येतोच आणि तो ऐकू यावाच लागतो. कानांना दोन बॉस आहेत, शिकारी आणि हवामान. दोघांनाही खूश ठेवावं लागतं. ऑफिसमध्ये ज्याला दोन बॉस आहेत त्याला हे वेगळं समजावायला नको.

पण आता या सगळ्या कौतुकातली ग्यानबाची मेख. १९७६ साली जॅकरॅबिटच्या कानांचं तापमान बारकाईने मोजलं गेलं. त्यात दिसलं, की हवा अंगापेक्षा थंड आहे तोवर हा रेडिएटर उपयोगी. हवा अंगापेक्षा गरम झाली, की ससा कानातला रक्तपुरवठाच आवळून टाकतो. साहजिक आहे. बाहेर जास्त गरम असेल तर कानातून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येईल. म्हणजे ज्या क्षणी उकाडा सगळ्यात भयंकर, नेमक्या त्याच क्षणी एसी बंद!

काकूंच्या बाल्कनीत बाहेर पारा ४०, आणि तापलेली भिंत, पत्रा, काच यांच्यामध्ये त्याहून जास्त. कापूसच्या अंगाचं तापमान ३९ च्या आसपास. घाम नाही, धापा नीट नाहीत, कान बंद. पाणी पिऊन पोट भरतं हो, पण ज्याला घाम येत नाही त्याचं अंग नुसत्या पाण्याने कसं निवणार? वाटी काठोकाठ असूनही तो गेला, त्याचं कारण हे.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या सोलापूरकडच्या माळरानावर ससे भर उन्हाळ्यात जगतात ते कसे? चांगला प्रश्न आहे. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण ते दोन वेगळे प्राणी आहेत. माळरानावरचा तो भारतीय रानससा. उघड्यावर जन्मतो, तोही अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच. दिवसभर झुडपाखाली दबून बसतो आणि उन्हं उतरल्यावर बाहेर पडतो. घरात पाळतात तो युरोपीय ससा, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जमिनीत बिळं खणून राहणारा. त्याची पिल्लं बिळातच जन्मतात, उघडी आणि डोळे मिटलेली. ऊन वाढलं की हा गडी थेट तळघरात, गार मातीत. त्याच्या कानांच्या एसीला बिळाच्या तळघराची जोड असते. आपण त्याला चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. एसी आणला, तळघर विसरलो.

(जाता जाता : ट्रेकला गेल्यावर गवतात रानसशाचं एकटं पिल्लू दिसलं तर ‘बिचारं अनाथ’ म्हणून सॅकमध्ये घालून आणू नका. आई दिवसा मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडला की दूध पाजायला येते. शिवाय रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)

आणि आता माझा नावडता विषय. लोंबत्या कानांचे ससे, म्हणजे लॉप. फोटोत भयंकर क्यूट दिसतात, मान्य. पण हे कान निसर्गाने लोंबवलेले नाहीत. माणसाने निवडून निवडून ही जात तयार केली. डार्विननेही १८६८ च्या पुस्तकात या सशांच्या कवट्यांमध्ये झालेल्या बदलांची नोंद केली आहे. इंग्लिश लॉप जातीच्या एका सशाच्या कानांची लांबी २००३ साली अमेरिकेत ७९ सेंटिमीटर भरली, जागतिक विक्रम! विक्रम सशाने केला की त्याच्यावर केला, हा प्रश्नच आहे. २०१९ साली ब्रिटनमध्ये १५ लोंबत्या आणि १५ ताठ कानांच्या सशांची तुलना झाली. लोंबत्या कानवाल्यांत कानाची नळी अरुंद, मळ जास्त, कान तपासताना दुखण्याची लक्षणं जास्त आणि दातांच्या तक्रारीही जास्त निघाल्या. ज्या अवयवावर त्याचं ऐकणं आणि थोडीफार गारवाही अवलंबून, तोच आपण शोभेसाठी दुमडून ठेवला.

ज्यांच्या घरी ससा आधीच आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पहिलं म्हणजे त्याचे कान वाचायला शिका. दोन्ही ताठ आणि पुढे : ‘काय चाललंय तिकडे?’ एक इकडे, एक तिकडे : आराम आहे, पण ड्युटी चालू. पाठीवर सैल टेकलेले आणि अंग पसरलेलं : एकदम संडे मूड. पाठीला घट्ट चिकटवलेले आणि अंग आखडलेलं : घाबरलाय किंवा भडकलाय, हात लावू नका. जादूगार दाखवतात तसं कान धरून उचलणं तर कधीच नाही. तो रक्तवाहिन्यांनी आणि संवेदनांनी भरलेला अवयव आहे, हँडल नव्हे.

उन्हाळ्यात पारा ३० च्या पुढे गेला की बाल्कनी बंद. घरातला सगळ्यात गार कोपरा त्याचा. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर लॉटरीच लागली. बाटलीत पाणी गोठवून, कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, तो स्वतःच टेकून बसेल. कानांना माठातल्या पाण्याचा ओला हात फिरवा. बर्फाचं पाणी नको आणि अख्ख्या सशाला आंघोळ तर मुळीच नको. कान लालभडक आणि तापलेले, तोंडाने श्वास, लाळ, मलूलपणा यातलं काहीही दिसलं तर गुगल करत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि उन्हाळा असो की हिवाळा, ससा १२ तास काहीच खात नसेल तरी डॉक्टर.

आवाजाचंही तसंच. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज नाही असं नसतं. उंदीर पळवायला प्लगमध्ये लावतात ती यंत्रं ज्या पट्टीत किंचाळतात त्यातला बराच भाग सशाला ऐकू येतो. दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, लपायला एक खोका. दचकलेला ससा मागच्या पायांनी इतकी जोरात लाथ मारतो, की कधी कधी त्याचाच कणा मोडतो.

हे सगळं मी परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका कलीगला ऐकवलं. त्याला बायकोच्या वाढदिवसाला ससा द्यायचा होता. “अगं, सरप्राइज! लोंबत्या कानांचा, पांढरा. बाल्कनीत राहील, त्रास काहीच नाही.” मी कटिंग संपेपर्यंत बोलत राहिले. तो मधून मधून ‘हं’ म्हणत होता आणि एका डोळ्याने मोबाइल बघत होता. मला वाटलं, गेलं सगळं एका कानातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर.

सोमवारी तो डेस्कपाशी आला. “बायकोला मोगऱ्याची कुंडी दिली,” म्हणाला. “बाल्कनीत ठेवलीये. पश्चिमेचं ऊन आहे, पण त्याला चालतं म्हणे.”

चालतं. मोगऱ्याला चालतं.